इन्सर्टचं दार उघडलं की खोलीत धूर: दोष कुठे शोधायचा

विटांच्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा इन्सर्ट (फायरप्लेसच्या पोकळीत सरकवायची, काचेचं दार असलेली शेगडी) बसवला की पहिल्याच थंडीत तीन तक्रारी ऐकू येतात. सरपण घालायला दार उघडावं तर धुराचा लोट बाहेर. काच दोन दिवसांत काळीकुट्ट. आणि दार लावलं की जाळ बसतो, नुसतं धुमसत राहतं. दार बोटभर उघडं ठेवलं तरच पेट घेतं. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: चिमणीला ओढ कमी पडते. इन्सर्ट बदलून, महागडा पंखा लावून किंवा हवेची झडप खटाखट मागेपुढे करून ते सुटत नाही.

इन्सर्ट ही नुसती बंद पेटी आहे. समोरचा पंखा पेटीभोवतीची गरम हवा खोलीत फेकतो, जाळाशी त्याचा काही संबंध नाही. जाळाला हवा मिळते ती चिमणीमुळे. तिच्यातला गरम धूर हलका होऊन वर जातो आणि त्याच्या मागोमाग खोलीतली हवा पेटीत खेचली जाते. चिमणी जितकी उंच आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा जितका गरम, तितकी ओढ जोरदार. इन्सर्टचं काम मात्र उष्णता खोलीत ठेवण्याचं, त्यामुळे चिमणीत जाणारा धूर उघड्या जाळाच्या मानाने थोडा. अमेरिकेत मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या इन्सर्टना तासाला २ ग्रॅमच्या आत (कॉर्डवुडवर, म्हणजे नेहमीच्या फोडलेल्या सरपणावर, चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅमच्या आत) धूलिकण सोडण्याचं बंधन आहे. हे इन्सर्ट इंधन चांगलं जाळतात, पण कमजोर चिमणी आणि ओलं लाकूड त्यांना अजिबात चालत नाही. वडिलोपार्जित फायरप्लेस ज्या चिमणीवर पन्नास वर्षं चालली, तीच चिमणी इन्सर्टला अपुरी पडू शकते.

खालचं सगळं न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्सकडच्या घरांना धरून आहे. म्हणून मापं इंच-फुटांत.

आधी फायरप्लेस खरंच विटांची आहे का ते बघा

दर्शनी विटांवर जाऊ नका. पुष्कळ घरांत आत कारखान्यात बनवलेली पत्र्याची फायरप्लेस असते आणि समोर नुसत्या विटा चिकटवलेल्या असतात. टॉर्च घेऊन डॅम्परच्या, म्हणजे चिमणीच्या घशातल्या झडपेच्या, वर पाहा. विटा, गिलावा आणि त्यावर मातीच्या चौकोनी नळ्या दिसल्या तर ती बांधीव. गोल धातूचा पाइप, पत्र्याच्या भिंती, बाजूला हवेच्या फटी दिसल्या तर ती पत्र्याची. पत्र्याच्या फायरप्लेसमध्ये इन्सर्ट तेव्हाच बसतो, जेव्हा फायरप्लेस आणि इन्सर्ट या दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये तशी परवानगी लिहिलेली असते. नसेल तर धुराचा दोष शोधत बसू नका, जाळणं थांबवा. तिथे प्रश्न आगीचा आहे.

धूर कधी येतो, यावरून निम्मं निदान होतं

फक्त पेटवताना येतो आणि अर्ध्या तासाने बंद होतो: चिमणी थंड आहे, किंवा घरात हवेचा दाब कमी आहे.

सगळं छान तापलेलं असताना दार उघडलं की येतो: लायनर (चिमणीच्या आतून वर जाणारी धातूची नळी) अरुंद झालाय, चिमणी बुटकी आहे, किंवा सरपण घालायची पद्धत चुकतेय.

मागच्या वर्षी काही नव्हतं, यंदा हळूहळू वाढत गेला: टोपीची जाळी, क्रिओसोट (धुरातून साचणारा डांबरासारखा थर), नाहीतर बॅफलवर (पेटीच्या छताशी असलेल्या आडव्या पाटीवर) साचलेली काजळी.

फक्त वाऱ्याच्या दिवशी येतो: छतावरची उंची किंवा टोपीचा प्रकार.

धूर खोलीत येतो तेव्हा त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याचा अलार्म इन्सर्टच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ लावल्याशिवाय यातली कुठलीही चाचणी करू नका.

सरपण: सगळ्यात स्वस्त तपासणी

‘सीझन्ड’, म्हणजे नीट वाळवलेलं, म्हणून विकलेलं ओकचं लाकूड बहुधा तसं नसतं. ओक फोडून, रचून, वरून झाकून ठेवला तर त्याला दोन वर्षं लागतात. ॲश या झाडाच्या लाकडाला साधारण एक. ओलावा मोजायचा साधा दोन टोकांचा मीटर पुरतो, पण लोक तो ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला टोचतात आणि १५ टक्के बघून खूश होतात. ओंडका एक दिवस घरात ठेवा, मग फोडा आणि ताज्या उघड्या बाजूला, रेषांच्या दिशेने टोचा. २० टक्क्यांच्या आत हवं. २५च्या वर असेल तर ते पुढच्या वर्षीचं लाकूड समजा.

मीटर नसेल तर भट्टीत सुकवलेल्या लाकडाचे दोन गठ्ठे, नाहीतर भुशाच्या दाबलेल्या विटा आणा आणि एक संध्याकाळ फक्त त्याच जाळा. काच स्वच्छ राहिली आणि जाळ धरला तर चिमणीला हात लावायची गरज नाही.

टोपी आणि बॅफल

चिमणीच्या टोपीला पक्षी आत येऊ नयेत म्हणून जाळी असते. तो चिमणीचा सगळ्यात थंड भाग, त्यामुळे क्रिओसोट तिथेच आधी धरतो. खालून लायनर स्वच्छ दिसतो आणि वर जाळी निम्मी बुजलेली असते. जमिनीवरून दुर्बिणीने पाहिलं तरी कळतं.

दुसरी जागा कोणाच्या लक्षात येत नाही. वरून ब्रश घालून सफाई केली की सगळी काजळी सुटून खाली बॅफलच्या पाठीवर पडते, म्हणजे त्या आडव्या पाटीवर. पाटी न काढता काम आटोपलं तर धुराची वाट तिथेच अडते. ‘गेल्याच आठवड्यात सफाई करून घेतली आणि आता जास्त धूर येतोय’ ही तक्रार आली की आधी बॅफल काढायला सांगावं. पेटी पूर्ण गार झाल्यावर आतले पिन किंवा नळ्या मॅन्युअलप्रमाणे सोडवा, पाटी खाली घ्या, राख व्हॅक्यूम करा. पाटी व्हर्मिक्युलाइटची असेल तर जपून, ओंडक्याच्या एका धक्क्याने ती तडकते. परत बसवताना ती शेवटपर्यंत मागे सरकली पाहिजे. पुढे आलेली पाटी धुराची वाट अरुंद करते, आणि मागे फट राहिली तर आच सरळ चिमणीत जाते.

बॅफल काढलेलंच आहे तर फोनचा कॅमेरा वर धरून कॉलर, म्हणजे इन्सर्टमधून धूर बाहेर पडायचं गोल तोंड, पाहून घ्या. लायनर कॉलरवरून निसटलेला नाही ना? इन्सर्ट सफाईसाठी ओढून परत ढकलला की हे हमखास होतं. जोड स्टेनलेसच्या तीन स्क्रूंनी पक्का हवा.

लायनर: खरा दोष बहुतेक इथेच

बहुतेक इन्सर्टची कॉलर ६ इंची असते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. एनएफपीए २११ या अमेरिकी मानकाप्रमाणे धूर ज्या नळीत सोडायचा तिचं क्षेत्रफळ चिमणी घराच्या आतून गेली असेल तर कॉलरच्या तिप्पटीपेक्षा आणि बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीपेक्षा जास्त नको. म्हणजे ८५ आणि ५७. आता आपल्या चिमणीतली मातीची नळी मोजा. ८ बाय १२ म्हणून ओळखली जाणारी नळी आतून साधारण ७ बाय ११.५, म्हणजे ८० चौरस इंच: घरातल्या चिमणीत काठावर पास, बाहेरच्या चिमणीत नापास. १२ बाय १२ची नळी आतून सव्वाअकरा इंच, म्हणजे सव्वाशे चौरस इंचांच्या आसपास: दोन्हीकडे नापास. एवढ्या रुंद नळीत धूर रेंगाळतो, गार होतो आणि भिंतीला डांबरासारखा चिकटतो.

जुनं घर विकत घेताना आधीच बसवलेला इन्सर्ट मिळाला तर त्याला लायनर आहे असं गृहीत धरू नका. पूर्वी पेटी नुसती आत ढकलून वरची पट्टी लावून टाकत, चिमणीशी जोड असा नसायचाच. अशा ठिकाणी क्रिओसोट डॅम्परमागच्या कट्ट्यावर ढिगाने साचतो. आज हे चालत नाही. उपाय एकच: इन्सर्टच्या कॉलरपासून चिमणीच्या टोकापर्यंत अखंड स्टेनलेस लायनर, यूएल १७७७ (लायनरसाठीचं अमेरिकी सुरक्षा मानक) याखाली नोंद असलेला.

सामान असं लागतं: ६ इंची लवचिक लायनर, चिमणीच्या उंचीपेक्षा फूट-दीड फूट जास्त, वरची पाटी आणि टोपी, खालचा जोड, अर्धा इंच जाडीचं इन्सुलेशन आणि त्यावर चढवायची धातूची जाळी, वरच्या पाटीखाली लावायला सिलिकोन. लायनरवर बाण असेल तर तो धूर जायच्या दिशेने, म्हणजे वर. काम दोघांचं आहे, एक छतावर आणि एक खाली. उतरतं छत असेल तर हे पैसे देऊन जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

इन्सुलेशन टाळून बरेच जण पैसे वाचवतात. चिमणी बाहेरच्या भिंतीला असेल तर ती बचत पुढच्या हिवाळ्यात धुराच्या रूपाने परत येते. शिवाय विटांची चिमणी आणि घराचं लाकूड यांच्यात नियमाप्रमाणे अंतर नसेल, आणि जुन्या घरांत ते बहुधा नसतंच, तर इन्सुलेशनशिवाय लायनर त्याच्या नोंदणीत बसत नाही. मातीच्या नळीत गुंडाळलेला ६ इंची लायनर मावत नसेल तर नळ्या फोडून काढता येतात, किंवा इन्सर्टचा उत्पादक मान्य करत असेल तर ५.५ इंची घालता येतो. मान्यता लेखी घ्या.

सगळ्यात जास्त गडबड होते ती डॅम्परच्या घशात. तिथली फट ४ ते ५ इंचच असते. ६ इंची लायनर जात नाही, मग बसवणारा तो पायाने दाबतो आणि तो दुमडतो. हिशेब करून बघा: ६ इंची गोल नळी नीट लंबगोल करून ४ इंचांपर्यंत चपटी केली तर २८चं क्षेत्रफळ २५ होतं, ३ इंचांपर्यंत दाबली तर २१, म्हणजे पाव वाट गेली. चुरगळली तर त्याहून वाईट. जाळ तापलेला असतानाही दार उघडल्यावर धूर येत असेल तर पहिला संशय या घशावर घ्या. योग्य पद्धत म्हणजे डॅम्परची चौकट ग्राइंडरने मधोमध कापून जागा करणं, किंवा खालचे दोन-तीन फूट कारखान्यातूनच लंबगोल करून आलेला तुकडा वापरणं. कापल्यावर फायरप्लेसच्या आत ‘ही फायरप्लेस इन्सर्टसाठी बदलली आहे, उघड्या जाळासाठी तपासणीशिवाय वापरू नये’ अशी धातूची पाटी लावायची असते. ती इन्सर्टच्या सामानात येते आणि बहुतेकदा खोक्यातच राहते.

डॅम्परच्या जागी पत्रा

लायनर घातल्यावर त्याच्याभोवती उरलेली मोकळी जागा तशीच सोडली तर इन्सर्टची धग सरळ विटांच्या चिमणीत चढते आणि वरची गार हवा लायनरलगत खाली उतरते. खोली तापत नाही आणि लायनर थंड पडतो. ही फट पत्र्याने बंद करायची.

१. पुठ्ठ्याचा साचा कापा. जुन्या फायरप्लेसचा घसा कधीच काटकोनात नसतो, त्यामुळे मापावर विसंबू नका.

२. २४ गेजचा पोलादी पत्रा साच्याप्रमाणे दोन भागांत कापा, चारी बाजूंना इंचभर कड खाली दुमडा. दोन्ही भागांत लायनरसाठी अर्धवर्तुळ ठेवा.

३. पत्रा चढवण्याआधी वरच्या पोकळीत लायनरभोवती खनिज लोकर दाबून भरा. कागद किंवा फॉइल नसलेली घ्या. काचलोकर नको, तिच्यातला चिकटवणारा पदार्थ तापला की वास मारतो.

४. काँक्रीटच्या स्क्रूंनी पत्रा विटांना पक्का करा. कडांना जास्त तापमानाचं सिलिकोन, लायनरलगत भट्टीचं सिमेंट.

काम इन्सर्ट आत सरकवण्याआधीचं. नंतर आठवलं तर पेटी बाहेर ओढावी लागते, आणि ती चारशे पौंडांची असू शकते.

उंची आणि थंड भिंत

बहुतेक मॅन्युअल किमान १५ फूट उंची मागतात. एकमजली रँच घरात चिमणी कधीकधी बारा-तेरा फुटांचीच असते. अशा ठिकाणी वर दोन ते चार फुटांचा इन्सुलेटेड तुकडा चढवल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. छतावरचा नियम वेगळा: चिमणी छतातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिघात घराचा जो सगळ्यात उंच भाग असेल त्याहून २ फूट वर. हे पाळलेलं नसेल तर वाऱ्याचा झोत धूर खाली दाबतो.

तीन बाजूंनी उघड्या हवेत असलेली चिमणी रात्रभर गारठते. आत थंड हवेचा स्तंभ उभा राहतो आणि पेटवायच्या आधीच तो खोलीकडे वाहत असतो. हे ओळखायला उपकरण नको. दार किंचित उघडून फटीशी उदबत्ती धरा. धूर आत गेला तर पेटवा. खोलीकडे आला तर आधी चिमणी तापवा: हेअर ड्रायरची गरम हवा पाचेक मिनिटं बॅफलच्या दिशेने सोडा, किंवा वर्तमानपत्राची एक सुरळी बॅफलजवळ जाळा. उदबत्तीने दिशा बदलली की पेटवा.

पेटवतानाही उलटी रचना करा: खाली दोन जाड फोडी, त्यावर बारीक, सगळ्यात वर चिपट्या, आणि काडी वरून. चुलीच्या सवयीला हे पटत नाही, पण ज्वाळा वरच असल्यामुळे चिमणी पहिल्या मिनिटापासून तापते आणि खालचं लाकूड धुमसत नाही.

घरच धूर ओढतंय का

आपल्या मराठी घरांत हे कारण विशेष बघावं लागतं. फोडणीच्या धुरासाठी स्वयंपाकघरात ६०० ते ९०० सीएफएमचा हूड बसवलेला असतो. बंद घरातून तो मिनिटाला सहाशे घनफूट हवा बाहेर फेकतो, आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. सगळ्यात सोपी वाट चिमणी. अमेरिकेच्या निवासी इमारतसंहितेत ४०० सीएफएमच्या वरच्या हूडसाठी भरपाईच्या हवेची तरतूद आहे. जुन्या घरात नंतर हूड लावताना ती सहसा कोणी केलेली नसते. त्यात कपडे वाळवायचं यंत्र दीड-दोनशे सीएफएमची भर घालतं, न्हाणीघराचे पंखे वेगळे.

चाचणी: हूड, ड्रायर, पंखे सगळं बंद. इन्सर्टच्याच मजल्यावरची, वाऱ्याच्या बाजूची खिडकी इंचभर उघडा. धूर थांबला तर दोष चिमणीचा नाही, घराच्या दाबाचा. वरच्या मजल्याची खिडकी उघडून ही चाचणी करू नका. गरम हवा वरून निघून जाते आणि खालच्या मजल्यावरची ओढ आणखी घटते. तळघरातल्या इन्सर्टला हा त्रास सगळ्यात जास्त होतो, कारण अख्खं तापलेलं घरच त्याच्याविरुद्ध चिमणीसारखं ओढत असतं. पोटमाळ्याचं झाकण आणि दिव्यांच्या खाचा बंद करा.

बाहेरची हवा थेट पेटीत आणणारा जोड मिळतो, तो लावायला हरकत नाही. पण त्याने दार उघडल्यावरचा धूर थांबत नाही, कारण दार उघडताच पेटी खोलीतलीच हवा घेते. हूडसाठी भरपाईच्या हवेची झडप हाच पक्का इलाज. तोपर्यंत पोहे-भाजी फोडणीला टाकायची आणि सरपण भरायची वेळ एक येऊ देऊ नका.

सरपण भरताना

ज्वाळा असताना दार उघडू नका, निखारे उरू द्या. हवेची झडप पूर्ण उघडून दोन-तीन मिनिटं थांबा. कॅटॅलिटिक इन्सर्ट (धूर पुन्हा जाळणारी जाळी असलेला) असेल तर बायपास, म्हणजे त्या जाळीला वळसा घालणारी वाट, आधी उघडा; हे विसरलं की धूर येणारच. मग दार बोटभर उघडून वीस-तीस सेकंद, आणि त्यानंतर सावकाश पूर्ण. निखारे पुढे ओढून लाकूड मागे ठेवा.

दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरीही तपासा. नोट दारात धरून कडी लावा आणि ओढा. कुठेही सहज निघाली तर दोरी बदला. इथे गळणारी हवा धूर वाढवत नाही, पण जाळ ताब्यात राहत नाही आणि काचेचा एकच कोपरा काळा होतो.

शेवटी मोजमाप

एवढं करूनही धूर येत असेल तर अंदाज सोडून कॉलरजवळ मॅनोमीटर (ओढीचा दाब मोजणारं उपकरण) लावून घ्यावा. पेटी नीट तापलेली असताना पाण्याच्या स्तंभाचे ०.०५ ते ०.१० इंच एवढी ओढ बहुतेक मॅन्युअलांना अपेक्षित असते. ०.०३च्या आसपास अडकली असेल तर वर तुकडा चढवायचा की इन्सुलेशन घालायचं हे आता आकड्यावरून ठरवा. लायनरमध्ये एक अष्टमांश इंच काजळी जमली की सफाई. काळा, काचेसारखा चकाकणारा थर दिसला तर ब्रशने भागत नाही. तो निघेपर्यंत पेटवू नका. आणि लायनर, इन्सुलेशन, उंची हे सगळं झाल्यावर ओढ ०.१०च्या वर गेली तर उलटी तक्रार येईल: झडप बंद करूनही जाळ आवरत नाही, रात्रभर पुरणारं लाकूड तीन तासांत संपतं. तेव्हा लायनर कापायचा नाही. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर कॉलरच्या वर ओढ मोडणारी झडप बसवायची.